खुर्दची ओळ

दुष्काळाच्या त्या वर्षी मी औरंगपुऱ्यात एका टँकरवाल्या कंत्राटदाराच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. उभ्या रकान्यांत गावाचं नाव, गाडी, खेपा. प्रत्येक गावाची एक आडवी ओळ. त्याच शीटमध्ये बायपासपलीकडच्या नव्या सोसायट्याही होत्या. तिथं फ्लॅट आधी आले आणि नळ यायचे राहून गेले होते.

मालकांना नेटकेपणाचं भारी वेड. गावांच्या नावापुढचं ‘बु.’ आणि ‘खु.’ प्रिंटमध्ये पानाबाहेर जातं, म्हणून एका दुपारी त्यांनी ते सगळीकडून काढायला लावलं. मी सांगितलं, बुद्रुक वेगळं, खुर्द वेगळं, मधे नाला आहे. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आता एकच नाव दोनदा दिसायला लागलं, तेव्हा माझ्या हातातला माऊस घेऊन त्यांनी डुप्लिकेट काढायचं बटण स्वतःच दाबलं. यादी आखूड झाली, स्वारी खूश. सोसायट्यांची नावं एकेकटी, त्या वाचल्या. यादीत थोरलं गाव आधी लिहायची रीत, म्हणून बुद्रुकंही वाचली. खुर्दं तेवढी गेली. त्यातलं एक पाचोडच्या वाटेवरचं, माझ्या आत्याचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

“टँकर बुद्रुकातच रिता झाला अन् माघारी गेला. आमच्या घागरी नाल्याकाठी वाळायल्यात. तू तिथं बसून काय करायलीस?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ड्रायव्हरांना उद्याची शीट जायला तासभर उरला होता. मालक म्हणाले, तक्रार लेखी येऊ द्या, मग बघू. लेखी यायला तिकडं घोटभर पाणी तर हवं.

मी पाठवलेल्या मेलमधून जुनी शीट उघडली. शेजारच्या रकान्यात मोजणीचं सूत्र लावलं: पुढचं ‘बु.’-‘खु.’ सोडून हे नाव जुन्या शीटमध्ये किती वेळा, नव्यात किती वेळा. खाली ओढत गेले. जिथं दोनाचं एक झालं होतं, ती ओळ लाल केली. लाल ओळी वाढत चालल्या. मालक पाठीमागे येऊन उभे राहिले. मग विचारलं, हे सगळं पानात बसेल का?

“पान आडवं करते,” मी म्हणाले. “गाव उडवत नाही.”

त्यांनी मान खाली घातली आणि पाठवा म्हणाले. गावं परत घातली, पुढं ‘खु.’ जोडलं आणि वेळ संपता संपता शीट गेली. रात्रभर मात्र मला भीती होती की, ड्रायव्हर नवी न बघता कालच्या आखूड शीटवरच जाईल.

सकाळी आत्याचाच फोन. मागे बायकांचा गलका आणि पाइपातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज.

“खुर्द म्हंजी धाकटं. पंगतीत धाकट्याला आधी वाढत्यात, सांग तुझ्या मालकाला.”

तिनं एवढंच सांगून फोन ठेवला. रांगेत तिच्या घागरीचा नंबर आला होता.