धाकटीले सांगू नको

बावीस वर्षं मी आणि माझी ताई एकमेकींशी कामापुरतंच बोललो. लग्नकार्यात शेजारी बसायचो, एकमेकींच्या ताटात आग्रहानं वाढायचो, आणि घरी परतल्यावर मी नवऱ्याला सांगायचे, हिनं माझा जन्म वाया घालवला.

देवळीजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. ती वर्षानं मोठी, पण बारावीला एकदा नापास झाली होती. पास झाल्यावर दोघींनी मिळूनच सरकारी नर्सिंगचा फॉर्म भरला. गावातल्या दुसऱ्या एका मुलीला मुलाखतीचं पत्र आलं, आम्हाला आलं नाही. माझे मार्क तिच्याहून जास्त होते. वर्षभरानं पोस्टमन बाजारात भेटला आणि सहज म्हणाला, की तुझं पत्र मी तुझ्या बहिणीच्या हातात दिलं होतं. मी घरी येऊन ताईला विचारलं. ती मान खाली घालून बसली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आई मागे चुलीसाठी कापसाच्या पऱ्हाट्या मोडत होती. ती मोडतच राहिली.

त्याच उन्हाळ्यात ताईला वर्ध्याचं चांगलं स्थळ आलं. मुलगा शिक्षक होता. मुलाच्या आत्याला पाणी द्यायला मी गेले आणि हळूच सांगितलं, ताईले फिट येते. ते खोटं होतं. स्थळ फिरलं. हे मी कोणालाच कधी सांगितलं नाही.

पुढे ताई कारंज्याला गेली, हायवेवर टायरचं दुकान असलेल्या घरात. मी सिंदी मेघेला आले आणि ब्लाउज शिवू लागले.

दोन वर्षांपूर्वी आईला विसर पडायला लागला, म्हणून तिला मी माझ्याकडे आणलं. एका दुपारी मी तिची वेणी घालत होते. तिला वाटलं, मी ताईच आहे.

"मोठे, धाकटीले सांगू नको," ती म्हणाली. "थे पत्र म्या चुलीत घातलं. नापास झाली तवा तू विहिरीच्या काठावर जाऊन बसली होती नं. धाकटी शिकाले गेली असती, त तू पुन्हा गेली असती."

मी तिला सांगायला हवं होतं, की मी धाकटी आहे. सांगितलं नाही. आठ दिवस मी ताई होऊन तिच्याशी बोलले. एकेक विचारत गेले आणि ती सांगत गेली. धाकटी कुठंही तगली असती, तिची काळजी नव्हती, असं ती दोनदा म्हणाली. मला त्याचा आनंद व्हावा की राग यावा, कळेना.

मग मी ताईला बोलावून घेतलं. पोर्चमध्ये आंबाडी निवडत बसलो असताना आईनं सांगितलेलं सगळं मी तिला सांगितलं. ती पानं खुडत राहिली.

"पत्र मीच आईच्या हाती देलं," ती म्हणाली. "ती जाळून राह्यली होती, मी अडवलं नाई. खरं सांगू? मले बरं वाटलं होतं."

"मग मले सांगितलं काऊन नाई?"

"तू माह्याशी भांडत होती. आईशी भांडली असती, त घरात तुले कोण उरलं असतं?"

तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी त्या आत्याला काय सांगितलं होतं, तेही सांगून टाकलं. ताईचे हात थांबले.

"लग्नानंतर सहा वर्षं सासूनं मले चुलीजवळ एकटीले बसू देलं नाई," ती म्हणाली. "पाण्याले जायचं तरी संगं कोणीतरी राहे. मले वाटे, तिले विहिरीचं समजलं. रोज वाटे, आज ती बोलून दाखवन. थे फिटचं होतं त!"

ती जेवली नाही. आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चारच्या गाडीनं निघून गेली. तीन महिने तिचा फोन आला नाही. मीही केला नाही.

हिवाळ्यात आई गेली. ताई आली, आम्ही दोघींनी मिळून आईला शेवटची आंघोळ घातली. तेरवीपर्यंत ती माझ्याकडेच राहिली. स्वयंपाक तिनं केला, पाहुण्यांचं मी पाहिलं. जाताना बॅग उचलत म्हणाली, "कारंज्याले येजो. पण लवकर नको येऊ."

मी अजून गेले नाही. ती आठवड्यातून एकदा फोन करते, शिलाई मशीन नीट चालते का ते विचारते, मी तिच्या गुडघ्यांचं विचारते. परवा मात्र मधेच थांबून तिनं विचारलं, विहिरीचं तू तुझ्या नवऱ्याला सांगितलं का. मी नाही म्हणाले. ते खरं होतं. तिनं विश्वास ठेवला की नाही, ते मला कळलं नाही.