झाड कंपनीचं, जनावर मामांचं

किसनमामा गेल्याचं मला बाळापूरच्या मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. हिंगोलीच्या आमच्या शाळेची दुपारची सुट्टी झाली होती. मी फाटकाशी उभा होतो. त्यानं मोटार थांबवलीही नाही, नुसती हळू केली आणि बाहेर डोकं काढलं. "मास्तर, डोंगरकड्याचे तुमचे मामा वारले. परवा. ताप होता म्हणं." मोटार पुढच्या वळणाआड गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथंच उभा होतो... आईचा हा एकुलता भाऊ. त्यांना जाऊन आता महिना होईल, तरी दुपार झाली की माझे डोळे रस्त्याच्या त्याच वळणाकडं जातात.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी सगळीकडं सांगतो, कारण सांगण्यासारखं आहे. आमच्याकडं मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन, मामांकडंही तेच. पण गाव मामांना ओळखायचं ते शिकारीमुळं. डोंगरकड्याच्या मागं तेव्हा जंगल होतं. साग, धावडा, मोह, टेंभुर्णी... भर उन्हाळ्यात आत शिरलं तर अंगावर थंड फडकं टाकल्यासारखं वाटे. हा डोंगर एका जहागीरदाराकडून लाकडाच्या कंपनीनं घेतला होता. कंपनीला हवी होती झाडं. जनावरांचं तिला काही करायचं नव्हतं. म्हणून दसऱ्यापासून होळीपर्यंत शिकारीचा मक्ता ती गावातल्या सात जणांना देई, आणि त्या सातांचे म्होरके मामा.

मक्त्याचा कागद उर्दूत असे. कॉलेजात गेल्यावर तो वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. पहिल्या वर्षी मारुतीच्या पारावर बसून मी तो मोठ्यानं वाचला आणि मराठीत सांगितला. झाड, पाला, डिंक, मध, सारं कंपनीचं. जनावर तेवढं मक्तेदाराचं.

मामा हसले. "म्हंजे घर त्यायचं आन् पाव्हणे आपले."

"पाव्हण्याला खातो का कोणी?" गणपाकाका म्हणाले. हे मामांचे जोडीदार. दोघांच्या ठासणीच्या बंदुका एकाच लोहारानं दुरुस्त केलेल्या आणि दोघांची भांडणंही लहानपणापासूनची.

"तुझ्या घरी गेल्यावर पाव्हण्याचे हाल तसेच व्हते, गणप्या."

या सातांचा एक नियम होता. मामांच्या वडिलांपासून चालत आलेला, कुठं लिहिलेला नाही. जनावर झाडीत असलं तर आपलं. झाडीतून बाहेर पडून पुन्हा सावलीत शिरेपर्यंत ते आपलं नाही. उघड्यावर त्याच्यावर बंदूक धरायची नाही. माणसं सकाळी हाका घालत, डबे वाजवत चढत, आणि एखादं डुक्कर गडबडून मोकळ्या माळावर निघालं तर सातही जण बंदुका खाली करून ते पलीकडं पोचायची वाट बघत. मी एकदा विचारलं, "मामा, असं काहून?" ते म्हणाले, "झाडीत त्यालाबी डाव असतो. उघड्यावर नुसता आपलाच डाव. त्याला शिकार म्हणत न्हाईत, बीए." मी तेव्हा बीए झालो नव्हतो, पण कॉलेजात नाव घातल्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारलीच नाही.

मग लढाई आली. पेट्रोल मिळेना. मोटारी कोळशावर चालू लागल्या, मागं भट्टी लावलेल्या. तो कोळसा आमच्या डोंगराचा. वारंगा फाट्यावर मला मोटारीत बसवताना मामांनी त्या भट्टीवर हात ठेवला, चटका बसला तसा काढून घेतला आणि म्हणाले, "आपल्या धावड्याच्या धुरावर चालला तू हैदराबादला. चांगलं शीक." मोटारीत नांदेडपर्यंत मला डुलकी लागत राहिली, आणि डुलकीत झाडं उभीच्या उभी धूर होऊन माझ्याबरोबर पळत होती.

सुट्टीत आलो तेव्हा अर्धा डोंगर उजेडानं भरला होता. जिथं कधी ऊन पोचलं नव्हतं तिथं ते येऊन बसलं होतं. लाकूडतोडे बाहेरमुलखातले, त्यांच्या राहुट्या ओढ्याकाठी. दिवसभर कुऱ्हाडींचा आवाज, मग कण्हल्यासारखा एक लांब आवाज, मग जमीन हलायची. आणि गंमत अशी, की जनावरं पहिल्यांदा वाढली. सागाच्या खुंटांना धुमारे फुटले, मोकळ्या जागी गवत आलं, ते खायला चितळं भर दुपारी बाहेर येऊ लागली. गणपाकाका तर हरखून गेले. "आता हाका काहून घालायचा? बांधावर बसायचं, तमाखू मळायची, आन् निवडून घ्यायचं."

"घे ना. पर माझ्यासंगं येऊ नको," मामा म्हणाले.

मी मधे पडलो. नव्या शिक्षणाची घमेंड होती, ती मान्य करतो. म्हटलं, कागदात झाडी आणि उघडं असा फरक कुठंच नाही. कायद्यानं जनावर तुमचं, ते उभं असेल तिथं तुमचं.

मामांनी कागद माझ्या हातातून घेतला. उलटा धरला, सुलटा धरला. वाचता येत नव्हतंच. "ह्यात त्यानं लपायचं कुठं, ते लिवलं का?"

त्या प्रश्नाची शरम वाटली, आणि त्याच शरमेनं मी पुढचा उद्योग केला. कंपनीच्या मॅनेजरला उर्दूत अर्ज लिहिला की, ओढ्याकाठची झाडीची पट्टी तोडू नये, मक्तेदारांना तेवढाच आसरा राहिला आहे. मॅनेजर हैदराबादी, बोलायला गोड. अर्ज वाचून त्यानं मला खुर्ची दिली, मामांना नाही. म्हणाला, "पट्टी रख देंगे. लेकिन मजदूरों के वास्ते हर बाजार के दिन गोश्त भेजना. हौ बोलो, बात पक्की." मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तेही हो म्हणाले.

यातली चूक मला पुढं कितीतरी दिवस दिसली नाही, आणि आमच्या माणसांशिवाय कुणाच्या हातून ती झालीही नसती. पट्टी वाचवायची तर मांस द्यायचं. मांस द्यायचं तर शिकार करायची. आणि शिकार झाडीतच करायची, उघड्यावर नाही. झाडी उरली होती ती पट्टीपुरतीच. म्हणजे जी जागा जनावरांसाठी राखली, तिच्यातच शिरून आम्ही आठवड्यामागून आठवडा ती रिकामी करत राहिलो. लाकूडतोडे ते मांस खाऊन बाकीचा डोंगर उतरवत राहिले. मामांचा नियम कुठं मोडला नाही.

त्या हिवाळ्यात मी शेवटचा हाका पाहिला. ऊन चढलेलं. डबे वाजवत माणसं पट्टीतून या टोकाची त्या टोकाला गेली, आणि आतून काहीच निघालं नाही. एक मोरही नाही. आम्ही झाडीच्या कडेला आलो आणि थांबलो. समोर तोडलेल्या डोंगरावर, खुंटांच्या मधे, चितळांचा कळप उभा होता. पंधरा-वीस असतील. आमच्याकडंच बघत होती. पळत नव्हती. डब्यांना भीत नव्हती. मामांचा नियम त्या जनावरांनी शिकून घेतला होता... झाडीत मरण आहे आणि उघड्यावर नाही, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. उन्हात त्यांच्या पाठीवरचे ठिपके हलल्यासारखे दिसत. ते चित्र अजून कधी कधी वर्गात शिकवताना माझ्यापुढं उभं राहतं आणि वाक्य अर्धं राहतं.

गणपाकाकांनी बंदूक खांद्याला लावली. "किसन, आज बाजारचा दिस हाय. मांस न्हाई गेलं तर पट्टी गेली."

मामांनी नळीवर तळवा ठेवला. "जाऊ दे."

"पट्टी जाऊ दे?"

"ते आपल्या भरोशावर हुबे हायेत रे."

त्याच दुपारी मामा मॅनेजरकडं गेले आणि मक्ता सोडला असं सांगून आले. आठ दिवसांत पट्टी आडवी झाली. मक्ता गणपाकाकांनी आणि बाकीच्यांनी घेतला, नियमाशिवाय. भरोशावर उभ्या राहिलेल्या जनावरांना संपायला एक हिवाळाही लागला नाही. म्हणजे मामांच्या सोडण्यानं ना झाड वाचलं, ना जनावर. मी हे त्यांना तोंडावर बोललो होतो. "तुम्ही राहिला असता तर पट्टी तरी राहिली असती." ते म्हणाले, "व्हय. राहिली असती." एवढंच. मला वाद हवा होता, तो त्यांनी दिला नाही. ते बरोबर होते की नाही, हे आज त्यांच्यावर लिहायला बसलो तरी मला सांगता येत नाही. गणपाकाकांशी त्यांचं बोलणं मात्र तेव्हापासून तुटलं.

दहाव्याला डोंगरकड्याला गेलो. मामी म्हणाली, "डोंगराकडं जाऊन ये. रोज दुपारी जायचे तुझे मामा." निघालो तर मागून गणपाकाका आले. खुंटांना फुटलेले साग आता पुरुषभर उंच झालेत, सुपाएवढी पानं. मधे गवताचा मोकळा तुकडा. मी त्यात पाय टाकणार तोच काकांनी दंड धरला, आणि मोठ्यानं खोकले. एकदा, दोनदा.

"काय झालं?"

"तुझा मामा असाच खोकायचा हितं. मी लांबून पाह्यचो. आधी खोकायचा, मग थांबायचा, मगच उघड्यावर पाय टाकायचा. बसलेलं असंल त्याला टाइम पाहिजे ना, सावलीत जायला."

गवत हललं नाही. कुठलं पान वाजलं नाही. तरी आम्ही दोघं कडेला उभे राहिलो, एखादं जनावर सावकाश उठेल, वळून बघेल, चालत पलीकडं जाईल, तितका वेळ... त्याहून थोडा जास्तच. मग काकांनी माझा दंड सोडला.

"चल. पोचलं असंल आता."