लाल गाडीची ओटी

शैला, मेरी, परवीन, शाळा सुटल्यावर सात रस्त्याला आपण चौघी एकच पेरू वाटून खायचो, आठवतं? नवरा वाटून घेणं मात्र मला कधी जमलं नाही. ह्यांच्या लाल स्पोर्ट्स कारवर मी आयुष्यभर जळले.

आता ह्यांना त्या खोल सीटवरून उठवत नाही, म्हणून ती विकायची ठरली. पण हे किंमतच अशी सांगायचे, की गिऱ्हाईक चहा पिऊन परत जायचं.

आज अक्कलकोटचं नवं जोडपं येणार होतं. ह्यांनी सकाळभर गाडीला पॉलिश केलं आणि मला म्हणाले, "लेक सासरी चाललीय. ओटी भर की हिची."

"माझ्या गुडघ्याला कधी तेल चोळलंत का हो?"

तरी भरली. बॉनेटवर खण-नारळ ठेवला, तर हे डोळे पुसायला लागले. मी माहेरी जाताना हे कधी रडले नाहीत!

"भाव करू नका हो," ती मुलगी नवऱ्याला म्हणाली, "काका लई रडायलेत."

त्यांनी मागायच्या आधीच मी किंमत उतरवली आणि किल्ली तिच्या हातात दिली.

आता गाडीचं कव्हर शैलाने न्यावं, शाम्पू मेरीने, मऊ फडकी परवीनने. ह्यांची रविवारची सकाळ कुणी मागू नका. ती माझी.