काटा पार्कवर होता

लोरीन फ्यूगेटच्या गॅरेजला पाटी नव्हती. सॉमिल ओढ्याच्या तोंडाशी रस्त्याला लागून पत्र्याची एक लांबट शेड, तिच्यापुढं झिजलेल्या टायरांची रास, आणि कुणाच्या तरी गाडीखालून बाहेर आलेले लोरीनचे बूट, एवढ्यावरून सगळा मुलूख तिला ओळखत असे. गॅरेज मूळचं तिच्या नवऱ्याचं, डेन्झिलचं. कोळशाच्या खाणीतली नोकरी सोडून त्यानं ते थाटलं, पण तोवर खाणीतली धूळ फुप्फुसांत बसली होती. शेवटी शेवटी तो खुर्चीत बसून धापा टाकत सांगायचा आणि लोरीन हात चालवायची. तो गेल्यावर लोक आधी नुसती पंक्चरं घेऊन आले. मग एकेक करत सगळंच आणू लागले. एक तर जवळपास दुसरं कुणी नव्हतं, आणि दुसरं म्हणजे बाई गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नसे.

आर्व्हिल नोबलची पिकअप तिच्याकडं पहिल्यांदा आली तेव्हा डोंगरावरची झाडं तांबडी व्हायला लागली होती. आर्व्हिलनं सगळी उमर कोळशाचे ट्रक हाकले होते. त्या घाटांत, त्या वळणांवर, भरलेला ट्रक रिव्हर्समध्ये नेणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता, असं त्याचे वैरीही म्हणत. आता बायको गेली होती, आणि तो टेकाडावरच्या घरात एकटाच राहत होता. त्याच्या घराकडं जाणारी खडीची वाट चांगलीच उभी होती. तिच्या पायथ्याशी त्याच्या मुलीनं, ट्रेसीनं, आपलं पत्र्याचं फिरतं घर आणून ठेवलं होतं. बापावर लक्ष राहावं म्हणून.

पिकअप जुनी, पण ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांडीलाच बसवलेला, आणि स्टिअरिंगमागच्या तबकडीत कोणता गिअर पडलाय ते दाखवणारा एक बारीक तांबडा काटा. तो दांडा आता मोडक्या हातासारखा लोंबत होता.

"दांडा तेवढा घट्ट कर, पोरी," आर्व्हिल खाली उतरत म्हणाला. "बाकी गाडीला काही झालेलं नाही."

"ते मी बघते ना, काका. तुम्ही बसा."

लोरीननं आधी गाडी सरकू नये म्हणून मागच्या चाकामागं लाकडाची उटी सरकवली. मग आत बसून किल्ली फिरवली. गाडी हूं का चूं करेना. दांडा बोटभर वर उचलून धरला तेव्हा कुठं इंजिन लागलं. काटा पार्कवर होता. पार्कवर गाडीची चाकं जागच्या जागी अडकायला हवीत. ती खाली उतरली आणि बॉनेटला खांदा लावून ढकललं. गाडी मागं गेली आणि उटीवर टेकली.

तिनं इंजिन बंद केलं आणि पाठीवर झोपून खाली शिरली. गिअरबॉक्सच्या बाजूचा लोखंडी हात तिनं स्वतःच्या हातानं मागंपुढं केला. प्रत्येक गिअर खट्‌कन आपापल्या खाचेत पडत होता. म्हणजे गिअरची पेटी शाबूत होती. तिथून वर जाणाऱ्या सळईचे सांधेही ठीक होते. मग तिनं आर्व्हिलला आत बसवून दांडा हलवायला सांगितला. वर तो "रिव्हर्स" म्हणायचा आणि खाली सळई निम्म्यावरच थांबायची. मधेच कुठंतरी हुकूम हरवत होता. तिनं स्टिअरिंगखालचं आवरण खोललं, तेव्हा दिसलं. दांडा ज्या ओतीव कड्यात बसतो, त्या कड्याचा कान तुटला होता.

"हे बघा," ती म्हणाली. "तुमच्या काट्याची तार या कड्याला बांधलेली आहे. दांडा कुठं आहे तेवढंच काटा सांगतो. खाली पेटीत काय पडलंय ते त्याच्या बापाला ठाऊक नाही. गाडी पार्क आणि रिव्हर्सच्या मधल्या काठावर उभी राहते. इंजिन चालू ठेवून उतरलात, आणि ते जरा थरथरलं, की पडली रिव्हर्समध्ये."

"आणि?"

"आणि तुम्ही मागं उभे असाल तर मला तुमच्या दफनाला येणाऱ्यांसाठी केक करावा लागेल."

आर्व्हिल हसला. तुझा केक खाण्यापेक्षा गाडीखाली गेलेलं बरं, म्हणाला. लोरीनही हसली. पण तुटलेला कान हातात फिरवताना तिला काहीतरी खटकत होतं. जुनं लोखंड हळूहळू तडकतं, तड्यात मळ साचतो. ही तूट लखलखीत होती. कुणीतरी जोर लावून मोडल्यासारखी. तिनं तो विचार बाजूला सारला, भंगारातून दुसरं कडं आणून बसवलं, आणि गाडी दिली.

झाडांची पानं पुरती गळायच्या आत आर्व्हिल परत आला. दांडा लोंबत होता.

तो चिडला होता. तू कचरा बसवलास, म्हणाला. लोरीननं हत्यारं उचलली. उटी लावली आणि पुन्हा आवरण खोललं. नवं कडं त्याच जागी तडकलं होतं, तशीच लखलखीत तूट. कान एका कडेनं कसाबसा लटकत होता. ती वाकलेलीच होती, म्हणून तिचं लक्ष खाली गेलं. ड्रायव्हरच्या डाव्या पायाखालचं रबराचं पायपुसणं खरवडून पांढरं पडलं होतं. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला कामच नसतं. ज्याच्या त्याच्या गाडीत ती जागा कोरी असते.

लोरीन शेजारच्या सीटवर जाऊन बसली. दार ओढून घेतलं.

"काका, चालू करा. रिव्हर्स टाकून दाखवा मला."

आर्व्हिलनं दांडा वर उचलून किल्ली फिरवली. त्या वर्षांतल्या गाड्यांना एक खटका असतो: ब्रेक दाबल्याशिवाय दांडा पार्कमधून सुटत नाही. आर्व्हिलनं दांडा ओढला. तो हलेना. त्यानं जोर केला, मग दोन्ही हातांनी लोंबकळला. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. लोरीन त्याच्या पायांकडं बघत होती. उजवा बूट जमिनीवर सपाट होता. आणि डावा पाय हवेत वर येत होता, खाली दाबला जात होता, पुन्हा वर, पुन्हा खाली. जिथं काहीच नव्हतं तिथं तो क्लच शोधत होता.

"बघितलंस? अडकतंय," तो धापा टाकत म्हणाला.

"काका, हा कोणता ट्रक आहे?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग समोरच्या काचेकडं, मग आपल्या गुडघ्याकडं. त्याच्या तोंडावर जे आलं ते लोरीननं याआधी एकदाच पाहिलं होतं. खाणीत छत कोसळल्याचा भोंगा वाजला त्या दिवशी, फाटकाशी उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडावर.

"माझा आहे," तो म्हणाला. "माझाच की."

त्या दिवशी लोरीन आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाशी खोटं बोलली. पार्ट मिळायला वेळ लागेल, गाडी इथंच राहू दे, म्हणाली, आणि आपल्या गाडीतून त्याला घरी सोडलं. मग ट्रेसीला फोन केला. ट्रेसी वृद्धाश्रमात काम करायची, दिवसभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांचे डायपर बदलायची. हे ऐकायला तिच्यापेक्षा लायक माणूस नव्हतं आणि तिच्याइतकं नालायकही कुणी नव्हतं.

"मावशी, तुला दांडा दुरुस्त करता येईना, म्हणून माझ्या डॅडीचं डोकं बिघडलं होय?" ती म्हणाली. "असली माणसं रोज बघते मी. डॅडी तसा नाही." आणि तिनं फोन ठेवला.

रविवारी लोरीन चर्चहून परतली तर शेडमधली जागा रिकामी होती. उटी लाथाडल्यासारखी रस्त्याच्या कडेला पडली होती. गाडीची किल्ली आत खिळ्यावर तशीच. म्हाताऱ्याकडं दुसरी होती, आणि तो एवढी वाट उतरून पायी आला होता.

लोरीननं गाडी वळवली. ओढ्याच्या काठाकाठानं जाताना तिला प्रत्येक वळणापलीकडं काहीतरी आडवं पडलेलं दिसायचं, आणि वळल्यावर नुसता रस्ता असायचा. ट्रेसीचं घर आलं. तिथून तिनं वर पाहिलं.

पिकअप टेकाडावर उभी होती, नाक घराकडं, शेपूट उताराकडं. ड्रायव्हरचं दार उघडं. मागून धूर निघत होता, म्हणजे इंजिन चालू होतं. आणि आर्व्हिल मागच्या फळीशी उभा राहून कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं ओढत होता.

ओरडायचं नाही, एवढं तिला कळलं. ओरडलं तर तो दचकून तिथंच थबकेल. ती गाडीतून उतरली आणि वाटेच्या कडेनं चढू लागली. खडी पायाखाली सरकत होती. तेवढ्यात ट्रेसी घराच्या लाकडी ओट्यावर आली. लोरीनच्या तोंडाकडं पाहिलं आणि काही न विचारता ओटा उतरून तिच्याकडं यायला निघाली.

लोरीन जवळ पोचली तेव्हा इंजिनाचा सूर बदलला. पेटीतून खट्‌ असा बारीक आवाज आला. हाताखालून कितीदा गेलेला आवाज: गिअर रिव्हर्समध्ये पडला होता.

"काका, जरा इकडं या," ती म्हणाली. आवाज साधा, चहाला बोलवावं तसा. "मला हे धरायला मदत करा."

तिच्या हातात काहीच नव्हतं. पण बाईनं मदत मागितल्यावर आर्व्हिल नोबल जागचा हलला नाही असं कधी झालं नव्हतं. त्यानं पोतं सोडलं आणि बाजूला एक पाऊल टाकलं. पिकअप त्याच्या बाहीला घासून मागं निघाली. आधी सावकाश, जणू कुणी ती नीट हाकत होतं. मग खडी उडवत, उघडं दार आपटत, वेग घेत खाली गेली. चाकोरीत चाक सापडून ती वळली, ट्रेसीचा ओटा उचकटत, त्यावरचा झोपाळा ओढत गेली आणि ओढ्याच्या दरडीवर आदळून थांबली. इंजिन तरी चालूच होतं.

ट्रेसी वाटेच्या कडेला उभी होती. तिनं मागं वळून ओटा होता तिथं पाहिलं. रोज तिथं खेळणारी तिची पोरं आज आजीकडं, त्यांच्या बापाच्या आईकडं गेली होती. तिनं ते दोनदा मोठ्यानं म्हटलं, स्वतःशीच.

लोरीन खाली गेली, किल्ली काढली. आत वाकून पाहिलं. काटा पार्कवर होता.

ती वर आली तेव्हा आर्व्हिल पोत्यावर बसला होता. फाटलेल्या बाहीवरून बोट फिरवत होता.

"दांड्यामुळंच झालं ना?" त्यानं विचारलं.

"दांडा मोडलेला होताच, काका."

"मोडला कुणी?"

लोरीन त्याच्या शेजारी खडीवर टेकली. खोटं बोलणं तिला जमलं असतं. एकदा जमलंच होतं.

"तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्या पायाला क्लच हवा असतो. हल्ली तुम्ही दुसऱ्याच ट्रकमध्ये असता."

म्हाताऱ्यानं समोरच्या डोंगराकडं पाहिलं. जिथं खाणीनं माथा कापून नेला होता, तिथं.

"रात्री कळतं मला," तो म्हणाला. "सकाळी विसरतो. ट्रेसीला सांगू नकोस."

पण ट्रेसी मागंच उभी होती.

त्या हिवाळ्यात ट्रेसीनं आपलं घर वर हलवलं नाही. बापालाच खाली आणलं. तिच्या हाताला त्या कामाची सवय होती, तरी रडायची, असं लोक म्हणत. लोरीननं पिकअपमध्ये चांगलं कडं बसवलं आणि ती दुसऱ्या कौंटीतल्या एका माणसाला विकून दिली. ट्रेसीनं घासाघीस केली नाही. गाडी ओढ्यावरच्या पुलावरून गेली तेव्हा आर्व्हिल दारात उभा होता. कुणाची म्हणायची ही, त्यानं विचारलं. तुझीच होती, ट्रेसीनं सांगितलं. गडी बरा हाकतोय, तो म्हणाला, आणि वाऱ्यात गारठा होता म्हणून आत गेला.