डब्यातला सायरन

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी माझं डोकं खाणार नाही. मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. आमच्या गल्लीत लाइट गेली की लोक आधी मला हाक मारतात, मग लाइनमनला फोन करतात. शाळा नववीत सुटली, पण मिक्सर, पंखे, शिलाई मशीनच्या मोटरी... या हातांखालून काय काय गेलं विचारू नका. कोणाच्या अंगात आलं म्हटलं की मी तिथून उठून घरी येते. आणि आज मीच इथे लिहायला बसले आहे.

राग आला आहे म्हणून लिहिते आहे. मटारचा सीझन संपत आला, माझा राग संपत नाही.

आम्ही जबलपूरला, गढ्यात राहतो. गेटमधून गाडी आत घेतली की तिचं तोंड सरळ घराच्या पायरीकडे येतं. अंगणाचा उतार गेटकडे, पाणी वाहून जावं म्हणून. गाडी लहान आणि जुनी, हँडब्रेक नावालाच धरते. म्हणून आमच्याकडे पहिल्यापासूनची पद्धत – गाडी उभी केली की हँडब्रेक ओढायचा, आणि वरून पहिला गिअरही टाकून ठेवायचा. आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, मुलाला गाडी शिकवली तीच अशी. ते आता नाहीत, पण सवय राहिली.

मागच्या थंडीत गल्लीतल्या गाड्यांच्या बॅटऱ्या चोरीला जायला लागल्या. आमचीही गेली. मग मी ऑनलाइन एक किट मागवली. अलार्म आणि रिमोट स्टार्ट, दोन्ही एकातच. म्हणजे घरातून बटण दाबायचं, गाडी आपली आपण सुरू होते. माझे गुडघे थंडीत धरतात, गाडीही थंडीत धरते... कुलूप लावून बाहेर येईपर्यंत ती तरी गरम झालेली असेल, एवढाच विचार.

मुलगा निखिल म्हणाला, "आई, मेकॅनिक को दे दो ना. तू काहून गाडी जाळून राहिली?"

मी नाही दिली. स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं, टेस्ट लँप लावून एकेक वायर ओळखली – इग्निशनची, सेल्फची, हँडब्रेकची – सोल्डर केली, टेप गुंडाळली. सायरन बोनेटखाली बसवला. पहिल्यांदा स्वयंपाकघरातून बटण दाबलं तेव्हा आधी गाडीचे लाइट लागले, दोन घोट पाणी प्यावं इतका वेळ गेला, मग सेल्फ लागला आणि गाडी सुरू. कढईत फोडणी तडतडत होती आणि मी तिथे उभी राहून एकटीच हसत होते.

आता नीट वाचा. या स्वस्तातल्या किटला गाडी गिअरमध्ये आहे की नाही, ते कळत नाही. हँडब्रेक ओढलेला दिसला की ती सेल्फ मारते. आणि आमची गाडी जुनी, क्लच न दाबताही सेल्फ घेते. गिअर पडलेला असेल तर गाडी उडी मारणारच. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून मी मागच्या चाकाला वीट लावायला लागले आणि डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवली – "गिअर टाकायचा नाही. वीट लावायची. आई." निखिलला गाडीत बसवून ती मोठ्यानं वाचायला लावली. वाचली त्यानं. मराठी वाचता येते त्याला, गरज पडली तर.

सायरननं मात्र वैताग आणला. गरम बोनेटवर मांजर येऊन बसायचं, की भोंगा सुरू. भिंतीपलीकडच्या दुबे भाभी रोज विचारायच्या, "दीदी, ये आपकी गाड़ी है कि एंबुलेंस?" शेवटी मी सायरन काढूनच टाकला. वायरींची टोकं वेगवेगळी टेपनं बंद केली आणि सायरन बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात घालून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला, मसाल्यांच्या शेजारी. हे लक्षात ठेवा.

तर झालं असं. माझ्या बहिणीकडे घमापूरला हळदीकुंकू होतं. तिच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून मी ऑटोनं गेले. तेवढ्यात आमच्या निखिलसाहेबांनी माझी गाडी काढली, इथल्याच गोरखपूर बाजारात फिरवून आणली, आत लावली, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला आणि चावी खुंटीवर अडकवली. मला सांगितलं का? नाही. त्याची मोटरसायकल आहे. माझ्या गाडीला माझ्याशिवाय कोणी हात लावत नाही, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं. मी स्वयंपाकघरात. तारेवर चादरी वाळत होत्या, त्यामुळे खिडकीतून गाडीचं फक्त छत दिसत होतं. सून, रुची, गच्चीवर आहे असं मला वाटलं. ती इथल्याच हिंदी घरातली, मराठी माझ्याकडून शिकली, आणि माझ्या लेकापेक्षा बरी बोलते. गच्चीवर वारा होता म्हणून ती खाली आली होती. गाडीच्या पुढे स्टूल टाकून, बंपरला पाठ टेकून, घराकडे तोंड करून उन्हात मटार सोलत बसली होती. बंपर आणि पायरी यांच्यात पाय लांब करता येतील एवढीच जागा.

मी बटण दाबलं.

आणि सायरन वाजला. पूर्ण जोरात, नेहमीसारखा चढत-उतरत. बाहेरून, गाडीकडून. मी मनात म्हटलं, आता भाभी भिंतीवर येणार... आणि मग माझी नजर समोर गेली. डबा फळीवर. झाकण लावलेलं. मी हात लावला – गार आणि गप्प.

तेवढ्यात सेल्फ लागला, आणि धाडकन आवाज आला.

मी दाराकडे धावले तर रुची समोरून आत येत होती, आम्ही दोघी उंबऱ्यातच एकमेकींवर आदळलो. तिच्या खांद्यावरून मला दिसलं. गाडीचं तोंड पायरीला भिडलेलं, स्टूल मधे चिरडलेलं, आणि मटार अंगणभर घरंगळत गेटकडे चाललेले. इंजिन बंद पडलं होतं. सायरनही.

भिंतीवरून दुबे भाभी – "दीदी, फिर लगा लिया वो भोंपू?" मग त्यांनी स्टूल पाहिलं आणि पदर तोंडावर धरला.

निखिल टॉवेल गुंडाळून बाहेर आला. बायको मरता मरता वाचली, आणि याचं पहिलं वाक्य काय? "आई, मैंने बोला था ना, तेरी वायरिंग..."

मी त्याचा हात धरून गाडीपाशी नेलं, दार उघडलं. गिअर पहिल्यात. वीट भिंतीपाशी, जागेवरून हललेलीही नाही. वर माझी चिठ्ठी.

"वाच."

"आई, हो गया ना. हाथ की आदत है."

"वाच म्हटलं."

नाही वाचली.

मग मी बोनेट उघडलं. सायरनच्या वायरींची टोकं मी बंद केली होती तशीच होती, टेपवर धूळही तशीच. डब्यातला सायरन काढून बॅटरीला लावला – वाजला, चांगला वाजला. काढला, गप्प झाला. टेस्ट लँप घेऊन मी अंधार पडेपर्यंत एकेक जोड तपासला. एक जोड सैल निघाला असता ना, तर मी पेढे वाटले असते. नाही निघाला. निखिलचं आपलं एकच – "हॉर्न होगा, आई." मी त्याच्यासमोर हॉर्न दाबून दाखवला. शेळीसारखा आहे तो. सायरनशी त्याचा काय संबंध?

आणि माझ्या बहिणीचा फोन. "भाऊजींनी वाचवलं गं तिला."

काहून? भाऊजींनीच काहून? ते होते तेव्हा बोनेट उघडायलाही मलाच हाक मारायचे. वाईट झालं की माझी वायरिंग, आणि चांगलं झालं की त्यांची पुण्याई... हा कुठला हिशोब? ते भले माणूस होते, मला त्यांची रोज आठवण येते, पण सायरन कुठे लावतात हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

निखिल म्हणाला गाडी विकून टाकू. मी म्हटलं, गाडी इथेच राहील. ज्याला न्यूट्रल कळत नाही त्यानं ऑटोनं फिरावं. रिमोट स्टार्ट मात्र मी त्याच आठवड्यात काढून ठेवला. माझी वायरिंग चुकली म्हणून नाही, माझ्या घरात कोण राहतं ते कळलं म्हणून.

इथपर्यंत मी स्वतःची समजूत घातली असती. कुठे काही स्पार्क झाला असेल, आपल्याला कळला नाही, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण परवा रुची आणि मी गच्चीवर मटार सोलत बसलो होतो. मी सहज म्हटलं, "सायरन ऐकून उठलीस ते बरं झालं बाई. तो गाडीकडून आलेला आवाज माझ्या कानातून जात नाही."

तिचा हात थांबला. "गाडीकडून? नाही ना, आई. घरातून आला."

"घरातून कुठून?"

"किचनमधून. तुमच्याकडून. मला वाटलं तुम्ही तो डबा उघडून काही करून राहिल्या, आणि करंट लागला. म्हणून तर मी पळाली."

मी म्हटलं, नीट आठव.

"आठवते आहे, आई. बोनेट तर माझ्या पाठीशी होतं. तिथून वाजला असता तर मी काहून पळाली असती? उठून वळली असती, तिथेच उभी राहून बघितलं असतं काय झालं ते."

तिथेच. बंपर आणि पायरीच्या मधे.

मी त्या डब्यापासून हातभर अंतरावर उभी होते. डबा वाजला नाही, हे मी कोणासमोरही सांगेन. आणि रुची खोटं बोलत नाही. दुबे भाभींना विचारलं तर म्हणतात, "कहाँ से मतलब? आपके यहाँ से." आता यातून काय काढायचं? मी सगळ्या बाजूंनी विचार केला, मला काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडलं तर लिहा, मी वाचेन. फक्त वायरिंग म्हणू नका, आणि आमच्या ह्यांना मधे आणू नका.

काल रात्री जेवताना निखिल परत म्हणाला, हॉर्नच असेल.

मी पोळी वाढता वाढता विचारलं, "हॉर्न कुठे असतो रे गाडीत?"

"बोनेट के नीचे."

"आणि बोनेटकडून आवाज आला असता तर रुची कुठे उभी असती, तिला विचारलंस का कधी?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं सांगितलं.

त्याला पुढची पोळी मी वाढली नाही. त्यानं मागितलीही नाही.