पत्र्याच्या दाराआडची पालखी

पोलादपूरच्या डोंगरातील त्या देवळाचे कापलेले दार मी अद्याप विसरलेलो नाही. शिमगा चार दिवसांवर आला होता. गावचा एक वयस्क विश्वस्त ठाण्यात आला आणि देवीची पालखी चोरीस गेल्याची फिर्याद त्याने दिली. डोळे सुजलेले, पाणी थांबत नव्हते. देवीसाठी रडतो आहे, असे मी धरून चाललो. ही माझी चूक.

पालखी प्रथम कोणी उचलायची, या मानावरून दोन भावक्यांत दावा चालू होता. त्याच्या नऊ वर्षे आधी प्रशासनाने ती उचलण्यास मनाईचा आदेश काढला आणि देवळाच्या खोलीत ठेवून लोखंडी पत्र्याच्या दाराला सील ठोकले. दाव्याला तारखा पडत राहिल्या, देवी अंधारात राहिली. याचा संताप मला तेव्हाही होता, आजही आहे.

पंचनाम्याच्या वेळी कोयंड्याभोवतीचा पत्रा पाहिला. गॅसने कापलेली कड सरळ असते. ही वेडीवाकडी होती, वितळलेल्या लोखंडाचे मणी लोंबत होते, खाली वेल्डिंग रॉडची थोटके पडली होती. जोडण्याच्या मशीनचा करंट वाढवून कोणीतरी दार कापले होते. आदल्या दुपारी गाव होळीची लाकडे आणायला रानात गेले असताना महाडहून मशीन घेऊन टेम्पो आल्याची खबर हवालदाराने आणली.

वेल्डरने गुन्हा कबूल केला, पण बोलावणाऱ्याचे नाव सांगेना. दार कापताना तो बोलावणारा जवळ उभा होता का, एवढेच मी विचारले.

"माज्याकडं काच व्हती, साहेब. काकांना म्हनलं, नका बघू, डोळे जातील. आयकलं नाय. फटीतून पालखी दिसाय लागली ना."

विश्वस्ताचे ते सुजलेले डोळे मला त्या क्षणी कळले. विश्वस्त म्हणून फिर्याद देणे भाग होते, ती आरोपीनेच दिली होती.

पालखी त्याच्या पडवीत मिळाली, चांदीचा मुखवटा जागेवर. शेजारी अंथरुणाला खिळलेली त्याची आई. मरण्याआधी एकदा देवीची ओटी भरायची, एवढाच तिचा ध्यास. पालखी जप्त करावी लागेल, असे मी सांगितले.

"ने, बाला," म्हातारी म्हणाली. "माजी वटी तेवढी काढू नको."

मुद्देमालाच्या यादीत मी खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ लिहिले व सर्व एकत्र सील केले. दोघांवर दोषारोपपत्रही पाठवले. कायदा तोच होता. पालखी पुढे पुन्हा त्याच खोलीत, नव्या पत्र्याआड गेली.

संपूर्ण नोकरीत एकही शिमगा मला घरी मिळाला नाही. आमच्या दारी पालखी येई, तेव्हा मी परक्या गावच्या पालखीच्या बंदोबस्तात असे. त्यामुळेच असेल, त्या माणसाला चोर म्हणणे मला जमले नाही.

आदेश शब्दशः वाचावा, हे मला या प्रकरणाने शिकवले. दर शिमग्याआधी मी संबंधित कार्यालयास पत्र लिहितो. 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे', एवढेच उत्तर येते. यंदाही लिहिले आहे: पालखी उचलू देऊ नका, परंतु पत्रा काढून तेथे गज बसवा. मनाई उचलण्यास आहे, पाहण्यास नाही.