दाराला बांधलेला कडुलिंब

दवाखान्याच्या ओसरीवरचे किस्से म्हणजे मोहाची फुलं. टोपली भरून घरी न्यावी, तर झाडाखाली पुन्हा सडा! माझा भाचा आता डॉक्टरी शिकतो. साथीच्या रोगांचं पुस्तक उघडलं की कुरकुरतो, "मावशी, हे डोक्यातच शिरत नाही." मी म्हणते, "आमच्या पोटात आधी गोळा आला बाबा, मग डोक्यात शिरलं!"

पन्नास सालानंतरची ती वर्षं. आमचे हे एटापल्लीकडच्या एका जंगलगावात सरकारी डॉक्टर. आमची सुमी तेव्हा नुकती चालायला लागलेली. आणि डोंगरापलीकडून देवीची साथ एकेक गाव करत आमच्याकडे सरकत होती. सुमीला देवी निघू नयेत, एवढंच मागणं घेऊन मी सोमवार धरले, चतुर्थ्याही धरल्या.

*

ओसरीवर रोज रांग. ज्याला बघावं तो तापलेला. मी रडकुंडीला आले. "अहो, सगळं गावच आजारी पडलंय!"

हे हात धूत म्हणाले, "दवाखान्यात आजारीच दिसणार. जंगलात मोह वेचताहेत, त्यांना कोण मोजतंय?"

दुसऱ्या दिवशी देवळात गेले ते मुद्दाम एकेक तोंड बघत. सगळी ठणठणीत! जीव भांड्यात पडला. घरी येऊन यांना सांगितलं, तर म्हणतात, "अगं, देवळापर्यंत चालत येणारा ठणठणीतच असणार ना!"

भांड्यातला जीव पुन्हा बाहेर!

*

देवी निघालेल्या घराला तिकडे कडुलिंबाचा डहाळा बांधतात. परक्यानं आत जायचं नाही. देवी टोचणारे मारोतीभाऊसुद्धा असं घर सोडून पुढे जात. लोकांनी ते बरोबर हेरलं.

एक दिवस हे मारोतीभाऊंबरोबर एका टोल्यावर, म्हणजे चार घरांच्या वाडीवर, पोचले, तर दारोदारी कडुलिंब! मारोतीभाऊ पांढरेफटक. "साहेब, अख्खा टोला गेला जी!"

हे पहिल्या घरात शिरले. आत पोरं आंबिलीवरून भांडत होती. दुसऱ्या घरातही तेच. सुई चुकवायला सगळ्यांनी डहाळे बांधलेले!

घरी आल्यावर हे डोकं धरून बसले. "आता खरी देवी कुठल्या घरात, ते ओळखायचं कसं?"

समोरच राहणारी पोचूबाई दाणे पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "जिथी पोट्टे भांडत नाई, तिथी पाहा."

*

शेजारच्या दोन गावांपैकी खालच्या गावानं टोचून घेतलं, वरच्या गावानं यांना हाकलून दिलं. पुढे खालचं गाव बरंचसं वाचलं. हे खुशीत. मी आपलं हळूच विचारलं, "तुमच्या लशीनं वाचलं, की माझ्या सोमवारांनी?"

"सोमवार फक्त खालच्या गावासाठी होते का?"

"छे! दोन्हींसाठी."

हे कितीतरी दिवसांनी हसले. "मग झालं तर. देवानं दोन्हीकडे सारखंच पाहिलं. जो फरक उरला, तो लशीचा!"

वरच्या गावाहून वाईट बातम्या येतच राहिल्या. मी त्या गावासाठी एक वेगळा उपास धरला. यांना मात्र सांगितलं नाही. हिशेब बिघडला असता ना!

*

आमच्याच गावात कोणी दंड पुढे करेना. पोचूबाई चारचौघांत म्हणाली, "आधी आपल्या पोरीले टोचा, डाक्तर! मंग आमचे हायेतच."

यांनी पारावर सुमीला मांडीवर घेतलं आणि टोचलं. लस लागली की टोचल्या जागी फोड उठतो; तिची जागा उठलीच नाही! ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेली लस वाटेत उन्हानं मेली होती. गावानं पाहिलं, आणि आमच्याकडेही घराघरावर खोटा कडुलिंब चढला.

त्यातच वरच्या गावची एक बाई ओसरीवर आली, सुमीला मांडीवर खेळवून गेली. दोनच दिवसांत त्या बाईच्या अंगावर देवी निघाल्याचं कळलं.

"लागली असली तरी आज दिसणार नाही," हे म्हणाले. "वाट बघायची." तेवढ्यात नवी लस आली. यांनी सुमीला पुन्हा टोचलं आणि हे दौऱ्यावर गेले.

आठवड्याभरानं सुमी तापली. हा ताप लशीचा, की त्या बाईच्या मांडीचा? झबलं वर करून बघायचा धीर होईना. हातांनी आपसूक कडुलिंबाचा डहाळा मोडून आणला, दाराला बांधला.

समोरून पोचूबाईनं विचारलं, "खरा का खोटा व, बाई?"

मी नुसती डहाळ्याची गाठ आवळली. ती आत गेली नाही. आपल्या दारात बसून राहिली.

दुपारी हे आले. डहाळा पाहिला, सायकल तशीच आडवी टाकली आणि आत धावले. सुमीचं झबलं काढलं. कपाळ पाहिलं. तळहात, तळपाय. तोंड उघडून पाहिलं. मग दंड. टोचल्या जागी टपोरा फोड. एकच.

"उठली गं," एवढंच म्हणाले, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

मी सुमीला कडेवर घेऊन बाहेर आले आणि डहाळा ओढून काढला. पोचूबाई तिच्या दंडावरचा फोड बघत होती. उठली, टाचा उंचावून आपल्या दाराचा डहाळा सोडला, आणि आत वळून ओरडली, "ए पोट्टेहो, निंगा बाहेर!"